पाणी वाढलं

करारावर सह्या झाल्या त्या दिवशी बीडच्या आमच्या कॉलेजात मांडव घातला होता. परदेशातल्या एका विद्यापीठाशी आमच्या भूगोल विभागाची भागीदारी ठरली होती, आणि प्राचार्यांपासून शिपायापर्यंत जो तो घरची सोयरीक जमल्यासारखा 'भागीदारी, भागीदारी' करत फिरत होता. हारतुरे झाले, पेढे झाले. त्या शब्दाचा अर्थ मला पुढच्या आठवड्यात कळला. प्रश्न त्यांचे, दुष्काळ आमचा, आणि मधे मोटारसायकलवर मी.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. एम. ए. झालेलं, नोकरी नाही, इंग्रजी बरं म्हणून विभागप्रमुखांनी मला या कामावर घेतलं. एस. टी. स्टँडच्या मागे एका गल्लीत माझी खोली होती. एक खाट, एक स्टोव्ह, दोन पातेली. आई मी तीन वर्षांचा असताना गेली. वडिलांची नोकरी फिरतीची, म्हणून पहिलीपासून मी वसतिगृहात. सुट्टीतसुद्धा बहुतेक वेळा तिथेच राहायचो, स्वयंपाक्याबरोबर. त्यामुळे एकटं राहण्याची मला सवय आहे असं मी लोकांना सांगत असे, आणि लोकही लगेच मान्य करत. सवय वगैरे काही नव्हती. संध्याकाळी खोलीचं कुलूप उघडायच्या आधी मी रोज गल्लीच्या टोकापर्यंत उगाच एक चक्कर मारून यायचो.

अभ्यासाचा विषय साधा होता. आमच्या जिल्ह्यात सहकार म्हटलं की साखर कारखाना, बँक, चेअरमन आणि त्यांच्या जीपा डोळ्यांसमोर येतात. या लोकांना त्यात रस नव्हता. त्यांना बघायच्या होत्या बायकांनी चालवलेल्या लहान दूध संस्था. दुष्काळात जनावरं विकली जातात, दूध आटतं, दुधाची गाडी गावात यायची बंद होते आणि संस्थेला कुलूप लागतं. जनावरांच्या पाण्याची तेवढी सोय झाली तर संस्था तगेल का, एवढाच प्रश्न. त्यासाठी प्रयोग म्हणून एका गावात मोठी टाकी बांधून ती दुष्काळभर भरून द्यायची होती. एकाच गावात. छाननी होता होता शेवटी दोन गावं उरली, आणि ज्या गावाची विहीर जास्त कोरडी पडेल त्याला टाकी, असं ठरलं.

त्यातलं एक गाव चौसाळ्याच्या पुढे, डांबरी सोडून आत. तिथल्या दूध संस्थेच्या सचिव होत्या एक मावशी. पंचेचाळिशीच्या असतील. नवरा वारलेला, मुलगा आणि सून दिवाळी झाली की उसाच्या तोडीला जायचे ते उन्हाळा लागल्यावरच परत यायचे. तेवढे महिने मावशी, दोन गायी आणि संस्थेचं दप्तर. संस्थेत अकरा बाया होत्या. त्यांत लिहिता येणाऱ्या या एकट्याच, म्हणून विहिरीची वही यांच्याकडे दिली.

काम मीच समजावून सांगितलं होतं. एका दोराला हात-हात अंतरावर गाठी मारलेल्या. रोज सकाळी दोर विहिरीत सोडायचा, तळाला टेकला की वर ओढायचा आणि किती गाठी भिजल्या ते मोजून वहीत लिहायचं. शेजारी एक रकाना शेऱ्याचा. परदेशी बाईंचा त्यावर फार जोर होता. प्रकल्प त्यांचाच होता, आणि लोक आपल्या शब्दांत काय लिहितात ते त्यांना हवं होतं.

"शेरा म्हंजी काय लिव्हायचं?" मावशींनी विचारलं.

"तुम्हाला वाटेल ते. तुमच्या भाषेत."

"आमची भाषा तेंना कशी कळंल?"

"मी आहे ना मधे," मी म्हणालो. चांगलं छातीवर हात ठेवून म्हणालो होतो.

पंधरा दिवसांनी एकदा मी वही बघायला जात असे. मावशी दोर विहिरीवर नेताना पायातली चप्पल काढून ठेवत. गाठी मोजताना ओठ हलत. मग घरी चहा. चहा साखरेचा, चांगला गोड, आणि त्याआधी तांब्याभर पाणी. विहिरीत चार गाठी पाणी उरलेलं असताना पाहुण्यापुढे तांब्या भरून ठेवायच्या, आणि मी अर्धा प्यायलो की रागवायच्या. "सगळं प्या सर. उरलेलं काय गायीला पाजू व्हय?" पाजणारच होत्या, ते मला माहीत होतं. "जेवलात का?" हा प्रश्न त्या काळात मला विचारणारं जगात दुसरं कोणी नव्हतं. मी दौऱ्याची तारीख उगाच दोन दिवस अलीकडे ओढायचो. परतीच्या वाटेवर चौसाळ्याला टपरीवर थांबायचं कारण नसे, पण थांबायचो, कारण पुढे बीड आणि खोली होती.

दर खेपेला त्यांचा एकच प्रश्न. "टाकीचं काय झालं?"

"बघताहेत."

"तेंना म्हनावं लवकर बघा. अकरा घरच्या मिळून एकोणीस गायी हायत्या. पाच जरी गेल्या तरी दुधाची गाडी आत यायची न्हाई. मंग संस्था कशाची अन् काय." एकदा म्हणाल्या, "दुसरं काय हाय मला? सकाळी बाया दूध घिऊन येत्यात, घडीभर बोलत्यात. ते बी गेलं तर दिवसभर गायीशीच बोलायचं."

त्याच वेळी मी माझ्या खोलीबद्दल काही बोलायला हवं होतं. मी वहीवर सही केली आणि निघालो.

उन्हाळा लागला तसं माझं फिरणं बंद झालं. परदेशातून निरोप आला की सगळ्या वह्या इंग्रजीत हव्यात, लवकर. विभागप्रमुखांनी मला टेबलाला बांधलं. वह्या आता दुधाच्या गाडीवरून बीडला येत, मी पंख्याखाली बसून त्यांचं भाषांतर करी आणि काम झालं की त्याच गाडीनं त्या परत जात. मावशींची वही मी सगळ्यांत शेवटी घ्यायचो, आवडीचा पदार्थ ताटात मागे ठेवतात तशी.

गाठी कमी कमी होत गेल्या होत्या. तीन. दोन. दीड. एक. मग एके दिवशी गाठींचा रकाना रिकामा, आणि शेऱ्यात त्यांच्या गोल अक्षरात लिहिलेलं: 'पानी वाढलं.' दुसऱ्या दिवशी रकाना रिकामा. 'पानी वाढलं.' तिसऱ्या दिवशी तेच. पुढे तीन आठवडे तेच.

मला आनंद झाला. खरं सांगतो, मावशींच्या विहिरीला पाणी आलं म्हणून आनंद झाला. पाऊस नाही, मग कुठून आलं? थोडा विचार केल्यावर मला सुचलं: टँकर. आमच्याकडे सरकारी टँकर गावात आला की घरोघरी पाणी वाटत बसत नाही, सरळ विहिरीत ओततो आणि बाया शेंदून घेतात. विहीर भरली, रोज भरतेय, मग मावशींनी दोर कशाला सोडायचा? रकाना रिकामा राहिला तो म्हणूनच. टँकर कुठे कुठे जातो याची नोंद तहसील कचेरीत होती, आणि कचेरी कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर. गेलो नाही. मला माझं उत्तर इतकं आवडलं होतं की पडताळून बघायची गरज वाटली नाही. इंग्रजीत लिहिलं, 'पाण्याची पातळी वाढली', आणि खाली टँकरबद्दल चांगली दहा ओळींची टीप जोडली. विभागप्रमुख खूश. परदेशी बाईंचं ई-मेल आलं की अशी स्थानिक जाण असलेला माणूस मिळणं हे भागीदारीचं खरं यश आहे. ते ई-मेल मी छापून खोलीत भिंतीला लावलं होतं.

टाकी दुसऱ्या गावाला मंजूर झाली. तिथली विहीर कोरडी पडल्याचं वहीत स्वच्छ लिहिलं होतं.

मावशींना सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो. तुमच्या गावाला टँकर मिळतोय ना, त्यांना तोही नाही, असं काहीसं. पोचलो तेव्हा दुपार होती. मावशी ओसरीवर बसल्या होत्या. एकच गाय दिसली. मी विचारायच्या आत त्यांनी तांब्या आणून ठेवला. या वेळी तो अर्धाच भरलेला होता, आणि माझं लक्ष तिकडे गेलं नाही.

"साखर वाढलीया सर," त्या म्हणाल्या, "गुळाचा चहा करते. चालंल ना?"

मला हसू आलं. "साखर वाढलीय तर गुळाचा कशाला? साखरेचाच करा की, जरा जास्त घालून."

 मी थट्टा करतोय की काय ते मावशींना कळेना. मग त्यांनी फळीवरचा साखरेचा डबा काढला आणि माझ्यासमोर उघडा धरला. डबा रिकामा होता, तळाशी दोन मुंग्या.

"वाढलीया म्हनलं ना."

"म्हणजे संपलीय."

"हळू बोला. तसं म्हनू न्हाई घरात," त्या खरंच इकडेतिकडे बघून म्हणाल्या. "साखर, मीठ, पीठ, कुकू... असल्या वस्तूंला तसं म्हनत न्हाईत. वाढलं म्हनायचं. आईनं शिकवलं न्हाई व्हय तुमाला?"

नारळ फोडला म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात, एवढं मला ठाऊक होतं. पण नारळ देवळात वाढवतात, पुरुषच वाढवतात, म्हणून ते माझ्या कानावर होतं. साखरेचा रिकामा डबा हातात घेऊन बाई काय म्हणते, ते ऐकायला घरात बाई असावी लागते. आमच्या वसतिगृहाचा स्वयंपाकी पातेलं उपडं करून ओरडायचा, "संपलं! पळा!" मी त्याच्याकडून मराठी शिकलो होतो.

मी विचारलं.  "मावशी, वहीत तुम्ही लिहिलंय, पाणी वाढलं..."

"हां. तवापासून हिरीत थेंब न्हाई."

"आणि गाठी? रकाना रिकामा ठेवलाय."

"शून्य लिव्हायला हात धजंना. पान्यालाच शून्य म्हनायचं तर राह्यलं काय?"

"टँकर?"

"कुठला टँकर अन् कुठलं काय. दोन कोसांवरून डोक्यावर आनतोय. तांबडी गाय इकली मागल्या बाजारात. चार बायांनी बी इकल्या." मग चुलीकडे वळून म्हणाल्या, "कशाला इचारता? टाकीचं कळलं का काय?"

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मला तो त्या दिवशी पुरा बसला, पण शहाणपण काही आलं नाही. खरं सांगायची वेळ हीच होती. चूक माझी, मावशी. तुमचं नीट लिहिलेलं मी उलटं वाचलं. एवढी दोन वाक्यं. मी म्हणालो, "अजून ठरायचंय."

गुळाचा चहा कसाबसा संपवला आणि उठलो. "जातो."

"जातो म्हनू न्हाई," त्या म्हणाल्या. आता त्यांना माझी कीव येत होती. "येतो म्हना."

"येतो," मी म्हणालो, आणि मोटारसायकलला लाथ मारली.

तसाच विभागप्रमुखांच्या घरी गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "अहवाल गेला. तिकडे खोदकाम सुरू झालंय. आता आपण म्हटलं की आमचं भाषांतर चुकलं, तर भागीदारीच संपेल." परदेशी बाईंना मी स्वतः कळवलं. त्यांचं उत्तर दोन दिवसांत आलं, लांबलचक. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि त्याच पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदापासून त्या हरखल्या होत्या. हा शब्द किती विलक्षण आहे, यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा, मी सहलेखक होईन का? दुष्काळात तेरावा महिना म्हणावं, तसं हे. मी हो म्हणालो. लेख छापून आला. स्थानिक भाषा आणि माहितीतल्या चुका, असा काहीसा विषय. माझं नाव तिसरं आहे. मावशींचा उल्लेख 'एक उत्तरदाती' असा आहे. सातासमुद्रापलीकडे आम्ही त्या शब्दाचा काथ्याकूट केला, आणि लिहिणारी बाई तासाभराच्या अंतरावर बसली होती, तिला वेळेवर एकदा विचारलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तीन वर्षांनी भागीदारीची मुदत सरली. मावशींच्या गावची दूध संस्था टाकी हुकली त्याच उन्हाळ्यात बंद पडल्याचं मला दुधाच्या गाडीवाल्याकडून कळलं होतं. मी गेलो नाही. आज जाऊ, पुढच्या आठवड्यात जाऊ. पुढे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला एका ज्युनिअर कॉलेजात नोकरी लागली. लग्नाच्या गोष्टी दोनदा निघाल्या, दोनदा मागे पडल्या. आता केस पिकले आहेत. घरात साखर संपते तेव्हा मी डबा उघडून "वाढली" असं मोठ्याने म्हणतो. ऐकायला कोणी नसतं.

मागच्या वर्षी परीक्षेच्या कामाला चौसाळ्याला जावं लागलं. शेवटचा पेपर दुपारी सुटला. एस. टी.ला वेळ होता. मी रिक्षावाल्याला गावाचं नाव सांगितलं तेव्हासुद्धा मला वाटत होतं की वाटेतून परत फिरेन.

मावशी ओसरीवरच होत्या. पाठीत वाकलेल्या, डोळ्यांना जाड चष्मा. गोठा रिकामा. मुलगा-सून उसालाच. मी कोण ते सांगू लागलो तर हात वर करून म्हणाल्या, "वळखलं. लई दिस लागले की सर यायला."

मग त्या आत गेल्या आणि फडक्यात बांधलेल्या वह्या घेऊन आल्या. पहिली आमच्या प्रकल्पाची, शिक्का मारलेली. बाकीच्या चार साध्या, दुकानातून आणलेल्या.

"लिव्हायचं थांबवा असं कुनी सांगितलं न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमी येतो म्हनून गेलता. म्हनलं, आल्यावर इचारतील. दोर कुजला तवा दुसरा केला."

मी त्या साध्या वह्या उघडल्या. पावसाळे होते, हिवाळे होते, गाठी चढलेल्या आणि उतरलेल्या. मग उन्हाळा. मी रिकामा रकाना शोधत होतो. तो नव्हता. तिथे शून्य होतं, रोज एक, नीट गोल काढलेलं. शेजारी शेऱ्यात: 'पानी संपलं.' पान उलटलं. 'पानी संपलं.' पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात तेच, त्याच्या पुढच्या वर्षी तेच.

"हे कधीपासून लिहायला लागलात?"

"तुमी साखरेला हसला ना, तवाच कळलं मला, की तुमाला वाढलं कळत न्हाई. मंग तिकडच्या लोकांला काय कळंल? म्हनून तुमच्यावानी लिव्हलं. आधी देवापुढं हात जोडून मंग लिव्हायची." चष्मा सारखा करत त्या म्हणाल्या, "टाकी तिकडं झाली ते ऐकलं व्हतं. ऱ्हाऊ द्या. तिकडं बी जनावरंच हायती."

मी सांगितलं. सगळं सांगितलं: टँकरची टीप, अहवाल, 'अजून ठरायचंय' हे खोटं, लेखसुद्धा.  त्या ऐकत होत्या. एकदाही मला तोडलं नाही.

"तुमची एकट्याची न्हाई," शेवटी म्हणाल्या. "माझी बी चूकच की. इंग्रजीत जायचं व्हतं. मीच नीट लिव्हायला पायजे व्हतं."

 मी मान खाली घालून वहीची पानं चाळत राहिलो. त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि आत गेल्या. चुलीत काटक्या मोडल्याचा आवाज आला, फळीवरचा डबा काढल्याचा आवाज आला. मग आतून त्यांनी विचारलं, स्पष्ट, सावकाश, परक्या माणसाला कळावं अशा बेतानं.

"साखर संपलीया सर. गुळाचा चालंल का?"

तसं म्हणू नये मावशी, वाढली म्हणा, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण ते सांगायचा हक्क माझा नव्हता. मी चालेल म्हणालो.